शहराची बातमी: पान किती वाजता सुटले आणि खर्च कोणी सोसला

आपण अंबाजोगाईहून बदलीने छत्रपती संभाजीनगरात आलात, बीड बायपासलगतच्या नव्या वसाहतीत राहायला लागलात आणि तीन गोष्टी विचारल्यात. शहराची खबरबात नेमकी कोठून घ्यावी. छापून येणारे, पडद्यावर दिसणारे आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे यांपैकी कशावर किती विसंबावे. आणि आठवड्यातून एकदा येणारे पाणी तेही वेळेवर येत नाही, ही वसाहतीची तक्रार माध्यमांपर्यंत कशी न्यावी. मी 1992 साली याच शहरातील एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून लागलो, पुढे उपसंपादक झालो, बरीच वर्षे शहर आवृत्तीची पाने लावली आणि शेवटी त्याच समूहाच्या संकेतस्थळाचे काम पाहिले. त्या अनुभवावरून सांगतो की, कोणतीही बातमी वाचताना दोन गोष्टी पाहायची सवय लावून घ्यावी: तिचे पान किती वाजता सुटले आणि ती आपल्यापर्यंत आणण्याचा खर्च कोण सोसतो.

आधी वेळेचे पाहू. पान सोडणे म्हणजे मजकूर, मथळे आणि जाहिराती पक्क्या करून पान छपाईला पाठवणे. एकदा सुटलेल्या पानात सहसा काही बदलता येत नाही. मोठ्या दैनिकाचा अंक एकच नसतो. लांबच्या तालुक्यांची, आमच्या भाषेत डाकेची, पाने रात्री लवकर सुटतात, कारण गठ्ठे घेऊन निघालेल्या गाडीला दिवस उजाडायच्या आत तिथल्या स्टँडवर पोहोचायचे असते. शहर आवृत्तीची पाने मध्यरात्र उलटेपर्यंत उघडी ठेवता येतात. अंबाजोगाईला आपल्या हाती पडणारा अंक आणि इथे दारात पडणारा अंक यांचे नाव एक असले, तरी आतली चार-सहा पाने वेगळी असतात. रात्रीच्या सामन्याचा निकाल तिकडे कित्येकदा एक दिवस उशिरा वाचायला मिळत असेल, त्याचे कारण हेच.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट मला आजही लख्ख आठवते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन मिरवणुकांचे फोटो उशिरा आल्यामुळे पहिले पान रखडत रखडत सोडले होते, आणि छपाई होऊन गाड्या निघून गेल्यावर, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त होऊन सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि त्याच सकाळी लोकांच्या हातात पडलेल्या आमच्या अंकात गुलाल होता, ढोलताशे होते, भूकंपाची एक ओळही नव्हती. यात कोणाचा निष्काळजीपणा नव्हता. छापील कागदाचे घड्याळ रात्री थांबते आणि दुसऱ्या दिवशी रात्रीच पुन्हा सुरू होते, एवढाच त्याचा अर्थ.

त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, 8 मे 2020 रोजी, करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेल्या स्थलांतरित मजुरांवरून मालगाडी गेली, तीही पहाटे सव्वापाचच्या सुमारास. जालन्याहून पायी निघालेले ते लोक मध्य प्रदेशातील गावाकडे जायला भुसावळच्या दिशेने चालले होते. या वेळी मोबाइलवर तासाभरात बातमी आली, वाहिन्यांवर पट्टी फिरू लागली आणि मृतांचा आकडा आधी चौदा सांगितला गेला, पुढे तो सोळा झाला. ज्याने सकाळी चौदा लिहिले तो खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. पण त्याच चौदाचा मजकूर संध्याकाळपर्यंत तसाच पुढे ढकलणाऱ्यांची संख्या फार मोठी होती. दुसऱ्या दिवशीच्या दैनिकांत सोळा नावे, गावे, त्यांचा मार्ग आणि रेल्वे प्रशासनाचे म्हणणे एकत्र वाचायला मिळाले. मोठ्या दुर्घटनेत पहिल्या दोन तासांतला आकडा वाचावा, पण तो लक्षात ठेवू नये, हा माझा स्वतःपुरता नियम आहे.

आता आपल्या पाण्याचेच उदाहरण घ्या. शहराला पाणी येते पैठणच्या जायकवाडी धरणातून. ते फारोळ्याच्या शुद्धीकरण केंद्रातून नक्षत्रवाडीच्या मुख्य जलकुंभापर्यंत चढवले जाते आणि तिथून शहरात वाटले जाते. समजा, पहाटे पंपगृहाची वीज गेली किंवा जुनी 700 मिलिमीटर वा 1400 मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी कुठे फुटली, तर सर्वांत आधी कळते ते वसाहतीच्या व्हॉट्सॲप गटावर, कारण कोणाचा तरी मेहुणा लाइनमन असतो. त्यानंतर यूट्यूब वाहिनीचा मुलगा बूम, म्हणजे माइक, घेऊन फवाऱ्याजवळ उभा राहतो. दुपारपर्यंत महापालिकेचे पत्रक निघते आणि संकेतस्थळांवर 'शहराचा पाणीपुरवठा एक दिवसाने पुढे' हे वाक्य झळकते. रात्री केबलवरील स्थानिक बातमीपत्रात अधिकाऱ्याची प्रतिक्रिया येते. आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात, बातमीदार चांगला असेल तर, कोणत्या भागाची पाण्याची पाळी किती दिवसांनी सरकली, दुरुस्तीला इतका वेळ का लागला आणि 2020 च्या अखेरीस भूमिपूजन झालेली, 1680 कोटींवरून 2740 कोटींवर गेलेली नवी योजना कुठवर आली, हे सांगितलेले असते. बादल्या भरून ठेवायच्या का, हे गटावरून ठरवा. टँकरवर वर्षभराचा खर्च धरायचा का, हे दैनिक वाचून ठरवा.

पाण्याच्या बातम्यांतील आकडे मात्र स्वतः तपासायला शिका, कारण तिथे आम्हीही घसरतो. जायकवाडीची एकूण क्षमता 2909 दशलक्ष घनमीटर, म्हणजे बातमीच्या भाषेत दलघमी. त्यांपैकी 738 दलघमी मृतसाठा, म्हणजे तळाचे, सहसा वापरता न येणारे पाणी, आणि उरलेला 2171 दलघमी, म्हणजे साधारण 76.6 टीएमसी (अब्ज घनफूट), जिवंत म्हणजे वापरता येणारा साठा. याचा अर्थ असा की जिवंत साठा शून्यावर आला तरी एकूण साठा पंचवीस टक्क्यांच्या वर दिसतो. एका उन्हाळ्यात पाटबंधारे खात्याच्या तक्त्यातील चुकीचा रकाना उचलून मी 'जायकवाडीत 31 टक्के पाणी' असा तीन कॉलमी मथळा दिला होता. तो एकूण साठा होता. जिवंत साठा आठ टक्क्यांच्याही आत होता. सकाळी साडेसातला एका निवृत्त अभियंत्याचा फोन आला आणि नमस्कारही न करता ते म्हणाले, "साहेब, बाकीचे तेवीस टक्के गाळ तुम्ही प्या, आम्हाला आठ टक्के द्या." दुसऱ्या दिवशी आम्ही दुरुस्ती छापली, तीही आतल्या पानावर, आठ ओळींची. तेव्हापासून टक्केवारी दिसली की ती कशाची, हे विचारल्याशिवाय मी पुढे वाचत नाही.

पावसाळ्यात हाच गोंधळ क्युसेकचा होतो. 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर. 1 टीएमसी पाणी एका दिवसात यायचे असेल तर साधारण साडेअकरा हजार क्युसेकचा प्रवाह पूर्ण चोवीस तास टिकावा लागतो. 'नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून 12 हजार क्युसेक विसर्ग, जायकवाडी भरत आले' असा संदेश आला की हा हिशेब करून पाहा: असा विसर्ग दिवसभर टिकला तरी धरणात सव्वा-दीड टक्क्याच्या आसपास भर पडते. बातमी खरी असते, तिच्याखालची टाळी खोटी असते.

रेडिओबद्दल आपण एकच ओळ विचारलीत, पण या शहराशी रेडिओचे नाते जुने आहे. निजामाच्या राजवटीत इथे नभोवाणी केंद्र होते आणि 1 एप्रिल 1950 रोजी हैदराबादच्या केंद्राबरोबर तेही आकाशवाणीने ताब्यात घेतले. आज इथल्या आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्त विभागाचे सकाळी 7 वाजून 10 मिनिटांचे बातमीपत्र दहा मिनिटांत मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांवरून हात फिरवून येते. त्याची भाषा कोरडी, सरकारी पत्रकांचा भर मोठा, पण आकडा सहसा बिनचूक. उपसंपादकाच्या नोकरीत मी जितकी बातमीपत्रे ऐकली त्यात आरडाओरडा कधी ऐकला नाही. खासगी एफएम वाहिन्यांकडून मात्र बातम्यांची अपेक्षा ठेवू नका, कारण त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही. 2011 च्या धोरणानुसार त्यांना फार तर आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते. वाहतूक, हवामान, पाणी-विजेच्या सूचना, परीक्षा अशी माहिती मात्र बातमी मानली जात नाही, त्यामुळे क्रांती चौकात कोंडी झाली हे निवेदक सांगू शकतो, ती कोणाच्या मोर्चामुळे झाली यावर मत देऊ शकत नाही. एमजीएम शिक्षण संस्थेच्या आवारातून चालणारा सामुदायिक रेडिओही शहरात आहे. त्याची कक्षा लहान, पण आरोग्य आणि शिक्षणाचे स्थानिक कार्यक्रम ऐकण्यासारखे असतात.

दूरचित्रवाणीची गोष्ट लवकर संपते. म्हैसमाळच्या डोंगरावरील दूरदर्शनचा मनोरा सगळ्यांना माहीत आहे, पण मराठी वृत्तवाहिन्यांचे संपादन मुंबईत होते आणि तिथल्या पडद्यावर आपल्या शहराला जागा मिळते ती पाणीटंचाई, राजकीय सभा, गुन्हा किंवा दंगल असेल तेव्हाच. शहरातील प्रतिनिधी दिवसाला पाच गोष्टी पाठवतो, त्यातली एखादी लागते. तालुक्याच्या स्ट्रिंगरला तर जेवढ्या बातम्या लागतील तेवढ्याचेच पैसे मिळतात. त्यामुळे त्याने काय पाठवावे, हे बरेचसे मुंबईला काय आवडेल यावर ठरते. ही त्याची चूक नाही, पण वाहिन्या पाहून शहराचा अंदाज बांधणाऱ्याला वाटते की इथे रोज काहीतरी पेटलेले असते.

कोणती दैनिके घ्यावीत, हा प्रश्न मला नेहमी अडचणीत टाकतो, कारण जवळजवळ सगळीकडे माझे मित्र आहेत. थोडा इतिहास सांगतो, त्यावरून आपण ठरवा. निजामाच्या काळात आ. कृ. वाघमारे यांनी सुरू केलेले 'मराठवाडा' पुढे या शहरात आले आणि अनंतराव भालेराव यांच्या संपादनाखाली या प्रदेशाचा आवाज झाले. ते बंद पडून आता बरीच वर्षे झाली, पण आमच्या पिढीची भाषा त्या अग्रलेखांवर घडली. 'लोकमत'ची इथली आवृत्ती 9 जानेवारी 1982 ची, आणि 'दिव्य मराठी' 2011 च्या मे महिन्यात याच शहरातून सुरू झाले. याशिवाय 'सकाळ', 'सामना', 'पुढारी', 'पुण्यनगरी' आहेत आणि उर्दू वाचता येत असेल तर 'औरंगाबाद टाइम्स' आणि 'एशिया एक्सप्रेस'. जुन्या शहराच्या काही प्रश्नांची दखल तिथे जास्त तपशिलाने घेतलेली मी पाहिली आहे. लातूरचे 'एकमत' आणि नांदेडचे 'प्रजावाणी' ही जिल्हा दैनिके त्या त्या ठिकाणी आजही वजन राखून आहेत. माझा सल्ला असा की एक मोठ्या समूहाचे आणि एक वेगळ्या कलाचे, अशी दोन दैनिके घ्या आणि महिनाभर एकाच विषयाच्या बातम्या दोन्हींत वाचा. कोण कशाबद्दल गप्प बसते, हे पंधरा दिवसांत कळायला लागते.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. जुन्या बातम्या शोधताना 'औरंगाबाद' आणि 'संभाजीनगर' ही दोन्ही नावे घालून पाहा. शहराचे नाव अधिकृतपणे 2023 मध्ये बदलले, तर 'सामना' त्याच्या कितीतरी आधीपासून संभाजीनगरच लिहीत आला आहे, त्यामुळे एकच नाव टाकले तर निम्मे हाती लागत नाही.

आता पैशाचे. अंकाची किंमत कागदाचा खर्चही भरून काढत नाही, त्यातूनही विक्रेत्याचे कमिशन जाते. उरलेले जाहिरातींतून येते: सोन्याची दुकाने, शिकवणी वर्ग, बांधकाम प्रकल्प, नेत्यांचे वाढदिवस आणि सरकारी निविदा. शासनाच्या यादीवर अ, ब, क असे वर्ग असतात आणि सरकारी जाहिरातींचा दर त्या वर्गावर अवलंबून असतो; शहरात आपल्याला स्टँडवर कधीच न दिसणारी कितीतरी छोटी पत्रे कशी तग धरून आहेत, याचे बरेचसे उत्तर त्या यादीत आहे. 2020 च्या एप्रिलमध्ये राज्य शासनाने घरोघरी वर्तमानपत्र वाटायला बंदी घातली तेव्हा मोठ्या दैनिकांचेही कंबरडे मोडले. त्या बंदीची इथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. त्या काळात ज्यांच्या घरचा अंक बंद झाला, त्यांतील अनेकांनी तो पुन्हा लावलाच नाही.

याचा वाचकाने काय उपयोग करायचा? एखाद्या गृहप्रकल्पाची किंवा रुग्णालयाची स्तुती करणारा मजकूर दिसला, त्याला बातमीदाराचे नाव नाही आणि तोच मजकूर शब्दशः दुसऱ्या दैनिकातही आहे, तर तो विकत घेतलेला आहे असे धरून चाला. 'इम्पॅक्ट फीचर' असे बारीक अक्षरांत कोपऱ्यात लिहिलेले असेल, तर निदान तिथे प्रामाणिकपणा तरी आहे. निवडणुकीच्या दिवसांत हे दुप्पट सावधपणे पाहा. याउलट, जाहिरातींतील एक भाग मात्र कधीही वगळू नका, तो म्हणजे वकिलांनी दिलेली 'जाहीर प्रगटन' किंवा 'जाहीर नोटीस'. अमुक गटातील भूखंड आमचे अशील खरेदी करत आहेत, कोणाची हरकत असल्यास अमुक दिवसांत कळवावे, अशा त्या चार ओळी असतात. आपण नव्या वसाहतीत राहता. आपल्या गट क्रमांकाची नोटीस निसटली तर ती नंतर कोर्टात शोधत बसावी लागते.

यूट्यूब वाहिन्या आणि पोर्टल यांचा खर्च बहुतेक करून दर्शकसंख्या आणि स्थानिक जाहिरातदार उचलतात, म्हणून मथळ्यात प्रश्नचिन्ह आणि चित्रात लाल बाण असतो. त्यांतही चांगले काम करणारी मुले आहेत, महापालिकेच्या सर्वसाधारण सभेला शेवटपर्यंत बसणारी मी पाहिली आहेत. ओळखायचे कसे, तर पत्ता, संपादकाचे नाव आणि तक्रार कोणाकडे करायची हे लिहिले आहे का, ते पाहा. 2021 च्या नियमांनुसार डिजिटल वृत्त प्रकाशकाने तक्रारीची पोच 24 तासांत आणि निर्णय 15 दिवसांत द्यायचा असतो. छापील अंकाच्या शेवटच्या पानावर अगदी तळाला मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असलेली ओळ असते, तिला जबाबदारीची ओळ म्हणा. आणि 1956 च्या नियमांमुळे मार्चच्या सुरुवातीला मालकीचे निवेदन छापण्याची प्रथा पडली, त्यात एक टक्क्याहून अधिक भांडवल असलेल्यांची नावे असतात. दरवर्षी एकदा तेवढे वाचले तरी बऱ्याच अग्रलेखांचा उलगडा होतो. मजकूर चुकीचा वा बदनामीकारक असेल तर आधी संपादकांना लेखी कळवावे आणि दाद मिळाली नाही तर प्रेस कौन्सिलकडे जावे. दैनिकाच्या बाबतीत ही तक्रार प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते.

राहिली आपल्या वसाहतीची बातमी. 'आमची बातमी लावा' असा फोन कोणालाही करू नका. असे वीस फोन रोज येतात. महापालिका पाहणाऱ्या बातमीदाराला सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान भेटा, संध्याकाळी सातनंतर तो पानाच्या मागे असतो आणि तुमचे बोलणे ऐकून घेत असला तरी त्याचे लक्ष घड्याळाकडे असते. बरोबर एकच कागद न्या. त्यावर गेल्या दोन महिन्यांत पाणी कोणत्या तारखांना, किती वाजता आणि किती मिनिटे आले याचा तक्ता, घरांची संख्या, कोणत्या जलकुंभावरून पुरवठा होतो ते आणि महापालिकेकडे केलेल्या तक्रारींचे क्रमांक असू द्या. 'नागरिक त्रस्त' हे शब्द तो स्वतः लिहील; त्याला तारखा हव्या असतात, कारण अधिकाऱ्याची बाजू घ्यायला गेल्यावर त्याच उपयोगी पडतात. फोटो काढलात तर रिकाम्या हंड्यांच्या रांगेचा काढू नका, ते चित्र आमच्याकडे 1992 पासून पडून आहे. मीटरशेजारच्या कोरड्या नळाचा, तारखेसह, काढा.

बातमी बहुधा तिसऱ्या दिवशी येईल, एक कॉलमी, कोणाच्या तरी वाढदिवसाच्या जाहिरातीशेजारी. ती कापून, वर दैनिकाचे नाव आणि तारीख शाईने लिहून, पुढच्या अर्जाला जोडा आणि अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या.